ट्रॉलीला ब्रेक हवा की नको?

गावात नवी ट्रॉली आली की माणसे चार गोष्टी विचारतात. किती टनाची, पत्रा किती जाड, टायर नवे की जुने, आणि बनवणाऱ्याने किमतीत किती सोडले. ब्रेक आहे का, हे कोणी विचारत नाही. विचारत नाही म्हणून बनवणारा बसवत नाही. वर फळ्या वाढवून दे म्हटले की तो आनंदाने वाढवून देतो. माल वाढतो, थांबवायची सोय तेवढीच राहते.

पाश्चात्त्य देशांत हौशी लोक सुटीच्या दिवशी मोटारीमागे ट्रेलर जोडून त्यावर आपली होडी नेतात. त्या होडीच्या ट्रेलरला ब्रेक हवा की नको, याचा तिथे नियम आहे. ब्रिटनमध्ये ट्रेलर आणि त्यावरचा माल मिळून ७५० किलोच्या वर वजन जात असेल तर ब्रेक पाहिजेच. त्याच्या आत असले तरी ओढणाऱ्या मोटारीच्या निम्म्याहून जास्त वजन बिनब्रेकचे चालत नाही. म्हणजे साडेसात क्विंटलच्या वर होडीलासुद्धा ब्रेक. आमची ट्रॉली रिकामी उभी असते तेव्हाच पंधराएक क्विंटलची असते. वीस क्विंटलच्या ट्रॅक्टरमागे ती रिकामीसुद्धा त्या नियमात बसणार नाही.

यावर कोणी म्हणेल, त्यांच्या मोटारी ऐंशीच्या वेगाने पळतात, आपला ट्रॅक्टर पंचवीस-तीसच्या वर जात नाही. मुद्दा बरोबर आहे, म्हणून हिशोबच करून पाहू. चालत्या गाडीचा जोर वजनाला वेगाने दोनदा गुणून मोजावा लागतो. होडीचा ट्रेलर : साडेसात क्विंटल गुणिले ८० गुणिले ८०, झाले ४८,०००. आपली ट्रॉली : पंचवीस क्विंटल कापूस आणि पंधरा क्विंटल ट्रॉली, मिळून चाळीस, गुणिले ३० गुणिले ३०, झाले ३६,०००. कापसाऐवजी क्विंटलभराची एक अशी ज्वारीची पन्नास पोती भरली, तर वजन पासष्ट क्विंटल आणि जोर ५८,५००. हळू चालणारी ज्वारीची ट्रॉली पळणाऱ्या होडीला मागे टाकते. आणि होडीला त्या हद्दीच्या पुढे ब्रेक लागतो, आपल्याला अजिबात नाही.

हा सगळा जोर थांबवायचा कोणी? आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतो. त्या दोन चाकांनी स्वतःचे वीस क्विंटल थांबवायचे आणि मागून रेटणारे पासष्टही थांबवायचे. रस्ता सरळ आणि कोरडा असेल तर निभावते. वळणावर, खडीवर किंवा पहिल्या पावसाच्या चिखलात जोरात ब्रेक दाबला की ट्रॅक्टर थांबू पाहतो, ट्रॉली थांबत नाही. ती मागून ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. शेतात वळताना सोडलेली दोन पायडलांची कडी रस्त्यावर लावायची राहिली, तर एकच चाक धरते आणि काम आणखी बिघडते.

उताराचे तर विचारूच नका. दहा फुटाला एक फूट उतार असेल तर पासष्ट क्विंटलची ट्रॉली साडेसहा क्विंटलचा रेटा सतत पुढे देत राहते. बैलगाडीच्या काळात हे आपल्याला कळत होते. भरली गाडी उताराला लागली की जू बैलांच्या शिंगांकडे सरकते, हे दिसत होते. गाडीवान खाली उतरत होता, चाक अडवत होता, बैल आवरत होता. ट्रॅक्टरला शिंगे नाहीत म्हणून रेटा दिसत नाही, एवढाच फरक. उलट घोटभर डिझेल वाचवायला आपण उतारावर गाडी न्यूट्रल करतो आणि इंजिनचा जो आधार होता तोही सोडून देतो. ज्या गियरमध्ये चढलो असतो त्याच गियरमध्ये उतरावे, हा साधा नियम आहे.

आता परवडण्याचा प्रश्न. कापसाला भाव नाही तिथे ब्रेकला पैसा कुठून, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण फळ्या वाढवायला आणि टेपला पैसा निघतो. ब्रेक काही एकाच जातीचा नसतो. होडीच्या ट्रेलरला असतो तसा रेट्याचा ब्रेक असतो : ट्रॉली पुढे रेटली की दांडा आत दबतो आणि तिचीच चाके धरतो. मागे घेताना तो लागू नये म्हणून खिट्टी असते. दुसरा ट्रॅक्टरच्या ब्रेकला जोडलेला तेलाचा किंवा हवेचा. नवी ट्रॉली घेताना तो सांगून बसवून घेणे सोपे, नंतर बसवायचा तर आस आणि चाके बदलायची वेळ येऊ शकते. म्हणून मागायचा तो पहिल्याच दिवशी, आणि पावतीवर लिहून घ्यायचा.

सरकारी सक्तीची वाट आम्ही पाहणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ट्रेलर हे मोटार वाहनच धरले आहे, तरी चौकात अडवणाऱ्याला कागद दिसतो, चाक दिसत नाही. प्रश्न दंडाचा नाही. संध्याकाळी वेचणीच्या बाया कापसाच्या गाठोड्यांवर बसून घरी येतात. लग्नाचे वऱ्हाड ट्रॉलीतून जाते. आणि खरे बोलायचे तर आपल्या मेळाव्यांनाही माणसे ट्रॉलीतूनच येतात. ट्रॉलीत माणसे बसवणे कायद्यात बसत नाही. काही झाले तर विमा कंपनीला हात वर करायला तेवढे कारण पुरते. मागे राहते ते एक घर आणि एक कर्ज.

म्हणून जिल्हा बैठकीत आमचे म्हणणे एवढेच. घरापासून शेतापर्यंत, सपाट वाटेवर, हळू आणि थोडक्या मालाची ट्रॉली चालवणाऱ्याने आपला निर्णय आपण घ्यावा. पण डांबरी रस्त्यावर बाजारला जाणारी किंवा उतार उतरणारी ट्रॉली ब्रेकचीच हवी. तोवर फळ्या उतरवा, माल दोन खेपांत न्या, उभी केल्यावर चाकाला दगड लावा. आणि पुढच्या मेळाव्याला तालुक्यांनी माणसे बिनब्रेकच्या ट्रॉलीतून आणू नयेत. दोन माणसे कमी आली तरी चालतील. आलेली सगळी परत घरी पोचली पाहिजेत.