सामान कोण धरणार?

थीम पार्कचं प्लॅनिंग म्हणजे तिकीट, ब्रेकफास्ट आणि कॅमेरा? छे! पहिला प्रश्न वेगळाच असतो, बॉस. सामान कोण धरणार?

गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989मध्ये सुरू झालं. आम्ही बोटीने जायचो, राइड्सवर घसा फुटेस्तोवर बोंबलायचो. आई मात्र बाकावर, पिशव्या आणि चपला सांभाळत. घरोघरी हीच पद्धत!

म्हणून यंदा खोपोलीच्या इमॅजिकाचा बेत आखताना नियम ठरवले. वीकेंडऐवजी मधल्या वारी रजा टाकायची, रांगा कमी लागतात. मुलांची उंची घरीच मोजायची. मोठ्या राइड्सना उंचीची अट असते, ऐनवेळी रडारड नको. सामान थेट लॉकरमध्ये. आईला बीपी आहे, त्यामुळे ‘नायट्रो’ रोलर कोस्टर बाद. पण मेरी-गो-राउंडचे घोडे तिला कोण नाकारणार?

‘‘या वयात शोभतं का?’’ हे तिचं पालुपद आठवडाभर चाललं. तरी पहाटे सहाला गाडी एक्स्प्रेस-वेला लागली, तेव्हा बाईसाहेब पंजाबी ड्रेस आणि नव्याकोऱ्या स्पोर्ट्स शूजमध्ये हजर! मांडीवर एकही पिशवी नाही.

पनवेल मागे पडलं, तशी हळूच म्हणाली, ‘‘घोड्यांवर पहिला नंबर माझा हं!’’