हीटर लावला की इंजिन सुरू

प्लग-इन हायब्रिड गाडी विकताना शोरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकवले जाते: रोजची ये-जा विजेवर, लांबचा प्रवास पेट्रोलवर. रात्री घरी चार्जिंगला लावा, दिवसा चाळीस-पन्नास किलोमीटर विजेवर फिरा, पेट्रोल पंपाचे तोंड महिन्यातून एकदा पाहा. मे महिन्यात हे वाक्य बरेचसे खरे असते. जानेवारीत माँट्रियल, ऑस्लो किंवा म्युनिकमध्ये मात्र हीटरची कळ दाबली, की अनेक मॉडेलांमध्ये बॅटरी काठोकाठ भरलेली असतानाही इंजिन सुरू होते. गाडी बिघडलेली नसते. तिची रचनाच तशी असते आणि मालकाला मिळणाऱ्या जाडजूड पुस्तिकेत कुठल्यातरी पानावर तसे छापलेलेही असते. ही माहिती त्या पानावरून उठून किमतीच्या शेजारी यायला हवी, आणि अशा गाडीला ‘विजेची’ म्हणून अनुदान किंवा करसवलत देताना तिची थंडीतली रेंज विचारली गेली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

मुळात हीटरसाठी इंजिन का लागते? एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. चांगल्यात चांगले इंजिनही त्यातली तीन-साडेतीन युनिटेच कामाला लावते, उरलेली रेडिएटर आणि सायलेन्सरच्या वाटेने उष्णता होऊन निघून जातात. थंड देशांतल्या गाड्यांनी या उधळपट्टीचाच उपयोग करून घेतला. इंजिनाभोवती फिरणाऱ्या गरम कूलंटची एक नळी डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरकडे वळवायची आणि त्यामागे पंखा लावायचा, की झाला हीटर. उष्णता फुकट. विजेची मोटर इतकी काटकसरी असते की तिच्याकडे असे उष्टे फारसे उरतच नाही. मग गाडीच्या आतली हवा तापवायला मुख्यतः तीन मार्ग राहतात. एक, गिझरसारखी तापणारी विजेची कॉइल. दुसरा हीट पंप, म्हणजे आपल्या घरचा एसी उलटा चालवायचा: बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत सोडायची. तिसरा आणि सर्वात स्वस्त, इंजिन आहेच तर तेच सुरू करायचे. हायब्रिड बनवणाऱ्या कंपन्यांना हा तिसरा मार्ग फार सोयीचा वाटला, कारण त्यात एकही नवा सुटा भाग लागत नाही.

विजेच्या हीटरची भूक किती, ते साध्या हिशेबाने पाहता येते. समजा, बॅटरी दहा युनिटांची आहे आणि त्यातली आठ वापरता येतात. उन्हाळ्यात गाडी शंभर किलोमीटरला अठरा युनिटे घेत असेल, तर आठ युनिटांत ती पंचेचाळीस किलोमीटर जाईल. आता हिवाळा धरा. हवा दाट झाली, टायर कडक झाले, रस्त्यावर बर्फाचा चिखल आहे. नुसत्या चालण्याचाच खर्च बावीस युनिटांवर गेला. त्यात चार किलोवॉटचा हीटर, म्हणजे दोन गिझर एकदम लावल्यासारखे. शहरातल्या गर्दीत ताशी पंचवीस किलोमीटरने शंभर किलोमीटर कापायला चार तास लागतात आणि चार तासांत हीटर सोळा युनिटे खातो. बेरीज अडतीस. पंचेचाळीस किलोमीटरची रेंज एकवीसवर आली. यातली मेख वेगात आहे. हीटर तासाच्या हिशेबाने खातो, चाके किलोमीटरच्या हिशेबाने. त्यामुळे गाडी जितकी रखडेल तितका हीटर महाग पडतो. प्लग-इन हायब्रिड ज्या शहरी, रखडत्या प्रवासासाठी म्हणून घेतली जाते, नेमकी तिथेच ती थंडीत उघडी पडते. याच हिशेबात हीट पंप बसवला आणि त्याने एका युनिटात दोन युनिटांची उष्णता दिली, तर रेंज सव्वीस-सत्तावीसवर थांबते. गोठणबिंदूच्या आसपास एवढे काम चांगला हीट पंप सहज करतो. पारा आणखी उतरला की त्याचीही दमछाक होते.

इंजिनाच्या मार्गाचा तोटा समजायला पाच किलोमीटरची एक फेरी पुरे. बाहेर उणे पाच अंश आहेत. बॅटरी भरलेली, गाडी आवाज न करता सुरू झाली. दोन मिनिटांत श्वासाने पुढची काच आतून धुरकट होते, म्हणून काच साफ करणारी गरम हवेची कळ दाबली. ताबडतोब इंजिन जागे होते, तेही थंडगार, दाट झालेल्या तेलासह. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्तीचे पेट्रोल पाजावे लागते. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तीनशेएक अंशांपर्यंत तापल्याशिवाय धड कामाला लागत नाही, तोवर निघणारा धूर जवळपास जसाच्या तसा बाहेर पडतो. कूलंट कोमट व्हायलाही पाच-सात मिनिटे जातात. जाळ्यांतून खरोखर ऊबदार वारा येऊ लागतो तेव्हा मुलांची शाळा आलेली असते. इंजिन बंद. तासाभराने परतीच्या वाटेवर हाच प्रकार पुन्हा. अशा अर्धवट तापलेल्या फेऱ्यांत न जळलेले पेट्रोल आणि पाण्याचा अंश इंजिनाच्या तेलात उतरत राहतो, तो वेगळाच. पेट्रोलच्या गाडीची सगळ्यात वाईट पाच मिनिटे दिवसातून चार वेळा जगायची, हे काही विजेवर चालणे झाले नाही.

मग कागदावर हे दिसत का नाही? कारण युरोपातली डब्ल्यूएलटीपी ही अधिकृत चाचणी 23 अंशांच्या प्रयोगशाळेत होते आणि त्या वेळी हीटर व एसी दोन्ही बंद असतात. युरोपीय संघाने कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यासाठी 14 अंशांवरच्या दुरुस्तीची जोड दिली आहे; पण 14 अंश म्हणजे पुण्यातली डिसेंबरची सकाळ झाली, हेलसिंकीतली नव्हे. शिवाय गाडीचे किती किलोमीटर विजेवर होतील, हे एका सूत्राने गृहीत धरले जात असे. साठ किलोमीटर रेंजच्या गाडीचे ऐंशी टक्क्यांहून अधिक अंतर विजेवर कापले जाईल, असे ते सूत्र सांगे. 2021 पासून गाड्यांमधल्या इंधनमापकांची नोंद युरोपीय आयोगाने गोळा केली आणि मार्च 2024 मध्ये निष्कर्ष मांडला: प्लग-इन हायब्रिडचे रस्त्यावरचे कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट आहे. सूत्र बदलायचे मात्र त्याआधीच ठरले होते. 2025 पासून नव्या मॉडेलांसाठी साठ किलोमीटरच्या गाडीचा विजेचा वाटा निम्म्याच्या थोडा वर धरला जातो आणि 2027 पासून तो आणखी खाली येणार आहे.

हे साडेतीन पट सगळे हीटरच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यातला मोठा भाग लोक गाडी चार्जच करत नाहीत याचा आहे, विशेषतः कंपनीच्या खर्चाने पेट्रोल मिळणारे लोक. उद्योगाच्या बाजूने बोलणारे हाच मुद्दा पुढे करतात की दोष गाडीचा नाही, आळशी चालकाचा आहे. अर्धे खरे आहे ते. पण उणे दहा अंशांत अंगणात उभे राहून कडक झालेली, बर्फाने माखलेली केबल जोडायची आणि सकाळी हीटर लावताच इंजिन सुरू झालेले ऐकायचे, असे आठवडाभर झाल्यावर केबल कोण जोडेल? सवय लागण्यासाठी कष्टाचे फळ दिसावे लागते. ज्या गाडीत ते हिवाळाभर दिसत नाही, तिच्या मालकाला आळशी ठरवण्यात फारसा अर्थ नाही.

सर्वात वजनदार आक्षेप अभियंत्यांचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ते म्हणतात, कडाक्याच्या थंडीत इंजिन चालवणे हाच शहाणपणा आहे. एरवी पेट्रोलमधली दोन तृतीयांश ऊर्जा उष्णता होऊन फुकट जाते. हिवाळ्यात तिचाच हीटर होतो, म्हणजे एकाच पेट्रोलात चाकेही फिरतात आणि माणसेही ऊबदार राहतात. जिथे वीज कोळशावर तयार होते, तिथे त्याच विजेने कॉइल तापवण्यापेक्षा हा मार्ग कदाचित स्वच्छही ठरेल. उणे वीस अंशांत तासभर हायवेवर जायचे असेल तर हा युक्तिवाद मला पूर्ण मान्य आहे. इंजिन पूर्ण तापते, कन्व्हर्टर कामाला लागतो, बॅटरी पुढच्या शहरातल्या रस्त्यांसाठी राखून ठेवता येते. मात्र हा युक्तिवाद लांबच्या प्रवासाचा आहे आणि वापरला जातो तो सगळ्या प्रवासांच्या समर्थनासाठी. पाच किलोमीटरच्या फेरीत इंजिन तापतच नाही, तेव्हा फुकटची उष्णता येणार कुठून? शिवाय निर्णय कोणी घ्यायचा हाही प्रश्न आहेच. शेवर्ले व्होल्ट या प्लग-इन हायब्रिडमध्ये विजेचा हीटर होता आणि पारा गोठणबिंदूखाली उतरला की इंजिन मदतीला येत असे. पण पुढच्या मॉडेलांत ही मदत थंडीत हवी की कडाक्याच्या थंडीतच, हे चालकाला पडद्यावर निवडता येऊ लागले. निवड देणे अशक्य नव्हते, हे त्या गाडीने दाखवले. आता ती गाडी बंद झाली, हा भाग निराळा.

हीट पंप महाग पडतो, किंमत वाढते, असेही सांगितले जाते. वाढते, हे खरेच. पण ज्या कंपन्यांनी आधी काटकसर केली त्यांनीच नंतर ती मागे घेतली आहे. टोयोटाच्या पहिल्या प्लग-इन प्रियसमध्ये ऊब हवी असेल तर इंजिन लागत असे. 2017 च्या प्रियस प्राइममध्ये हीट पंप आला आणि सुमारे उणे दहा अंशांपर्यंत इंजिनाशिवाय भागू लागले. किया नीरोच्या पहिल्या पिढीतल्या प्लग-इन गाडीत हीटर म्हणजे इंजिनच होते. पुढच्या पिढीत कंपनीने विजेचा हीटर बसवला. ग्राहकांनी कुरकुर केली, तेव्हा खर्च परवडला. उरला तो जाड कोट घाला, सीट गरम करा, गाडी चार्जरला असतानाच आधी तापवून घ्या, हा सल्ला. सल्ला चांगला आहे. गरम होणारी सीट जेमतेम पन्नास-शंभर वॉट घेते, हीटरच्या मानाने चिल्लर. पण कोटाने काचेवरचे धुके जात नाही आणि धुरकट काचेतून गाडी हाकणे ही काटकसर नव्हे. आधी तापवून घेण्याची सोय तर विजेचा हीटर असेल तरच मिळते. इंजिनावर तापणारी गाडी बंद गॅरेजमध्ये ‘आधी तापवायला’ ठेवणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला घरात बोलावणे.

सरकारी पैशाच्या दृष्टीने कॅनडाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मे 2019 ते जानेवारी 2025 या काळात तिथल्या केंद्र सरकारने जास्त रेंजच्या प्लग-इन हायब्रिडला पूर्ण विजेच्या गाडीइतकेच, म्हणजे 5,000 डॉलरपर्यंत, आणि कमी रेंजच्या गाडीला 2,500 डॉलरपर्यंत अनुदान दिले. फरक केला तो रेंजच्या आकड्यावर. गाडी इंजिनाशिवाय ऊब देऊ शकते का, हा प्रश्न अनुदानाच्या वर्गवारीत नव्हता. तोही अशा देशात, जिथे माँट्रियलचे जानेवारीतले सरासरी तापमान उणे नऊ-दहाच्या घरात असते. क्विबेक प्रांताची जवळजवळ सगळी वीज धरणांच्या पाण्यावर होते, तेव्हा कोळशाच्या विजेचा वर दिलेला युक्तिवादही तिथे लागू पडत नाही. स्वच्छ वीज घरात आहे, बॅटरी भरलेली आहे, अनुदान मिळालेले आहे आणि सायलेन्सरमधून धूर निघतो आहे. लेबलावर आणखी एक ओळ छापली असती तरी पुरले असते: ‘उणे सात अंशांवर, हीटर सुरू ठेवून, फक्त विजेवर: इतके किलोमीटर’. ज्या गाडीत विजेचा हीटरच नाही, तिच्यापुढे शून्य. उणे सात हा आकडा हवेतून काढलेला नाही. अमेरिकेतल्या इंधनचाचण्यांमध्ये याच तापमानाची एक चाचणी आधीपासून आहे. फक्त तिचा निकाल सरासरीत विरघळतो आणि ग्राहकापर्यंत वेगळा पोहोचत नाही.

मुंबई-नागपूरच्या वाचकाला हा दूरचा प्रश्न वाटेल. आपल्याकडे भांडण उकाड्याशी आहे, आणि या गाड्यांतला एसी विजेवर चालत असल्याने त्यासाठी इंजिन लागत नाही. पण एआरएआय या वाहनचाचणी संस्थेने प्रमाणित केलेली रेंज आणि रस्त्यावरची रेंज यांतले अंतर आपल्यालाही चांगले ठाऊक आहे. उत्तर प्रदेशाने जुलै 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिड आणि प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा नोंदणी कर माफ केला, म्हणजे कशाला किती ‘विजेचे’ मानायचे हा वाद इथेही सुरू झालेला आहे. आणि मराठी कुटुंबे टोरंटो, न्यू जर्सी, म्युनिकमध्ये आहेतच.

त्यांच्यापैकी नव्याने गेलेले अनेकजण आता जुन्या गाड्यांच्या बाजारात उतरतील आणि अनुदानावर विकल्या गेलेल्या पाच-सात वर्षांपूर्वीच्या प्लग-इन हायब्रिड तिथेच त्यांना भेटतील. लेबल केव्हाच निघून गेलेले असते आणि विकणारा उन्हाळ्यातली रेंज सांगतो. अशा वेळी गाडी बघायला थंडीतल्या सकाळी जावे आणि बॅटरी पूर्ण भरून ठेवायला आधीच सांगावे. इंजिन गार असल्याची खात्री करून गाडी विजेच्या मोडवर टाकावी, तापमान चोवीसवर न्यावे, पुढच्या काचेवर गरम हवा सोडावी. मग खाली उतरून मागे जावे आणि सायलेन्सरच्या तोंडाशी दोन मिनिटे उभे राहावे.