देवदीपावली : एका रात्रीची की पाच दिवसांची?

गणपतींचे विसर्जन होते त्याच सुमारास, काशीच्या देवदीपावलीला जाऊ इच्छिणाऱ्याने आगगाडीचे तिकीट काढलेले असावे लागते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते आणि अनंत चतुर्दशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचे अंतरही साधारणतः तेवढेच असते. हा योगायोग सोयीचा खरा; परंतु तिकीट नेमके कोणत्या दिवसाचे काढावे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. प्रवासाचे यशापयश मात्र त्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

बहुतेकांचा बेत एका संध्याकाळचा असतो. पौर्णिमेला गुरुनानक जयंतीची सुटी असते. तिला दोन-तीन रजा जोडायच्या, सकाळी काशीत उतरायचे, सायंकाळी नावेत बसून दिव्यांच्या रांगा पाहायच्या आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी धरायची. कारकुनाच्या रजेचा हिशेब पाहता यात गैर काही नाही. पण नेमक्या त्याच रात्री खोल्यांचे आणि नावांचे दर चढलेले असतात आणि घाटांकडे जाणाऱ्या गल्ल्यांत पाऊल टाकणे कठीण होते. खिसा रिकामा करून हाती लागते ती केवळ रोषणाई.

मुळात काशीचा दीपोत्सव एका रात्रीचा नाहीच. कार्तिकात तेथील घाटांवर उंच बांबूंच्या टोकाला टोपल्या बांधून त्यांत पितरांसाठी आकाशदिवे लावले जातात. पौर्णिमा हा या महिनाभराच्या दीपदानाचा कळस. पंचगंगा घाटावर अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेला दगडी हजारा दीपस्तंभ आहे. याच घाटाच्या परिसरातून १९८० च्या दशकात या उत्सवाला नवे रूप मिळाले आणि घाटोघाटच्या समित्यांनी ते ८४ घाटांवर पसरविले. शासनाचे मंच आणि पर्यटनाचा व्यापार नंतर आले. पणत्या पुसणारे, वाती वळणारे, तेल ओतणारे हात आजही मोठ्या प्रमाणात त्या त्या मोहल्ल्यांतलेच आहेत. हे हात ज्याने पाहिले नाहीत, त्याने उत्सवाचा शेवट तेवढा पाहिला.

मराठी माणसाला तर हे क्षेत्र परके नाही. १७८० साली विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाईंनी पुन्हा उभारले. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची नावे घाटांना आहेत. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका काशीतच पूर्ण केली. ती शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, कार्तिकी पौर्णिमेच्याच दिवशी. ज्या तिथीला आज नावेतल्या जागेसाठी घासाघीस चालते, त्याच तिथीला तेथे मराठीतला एक महाग्रंथ सिद्धीस गेला, याचे स्मरण प्रवाशाला असावे.

म्हणून बेत आखायचा तर तो एकादशीपासून प्रतिपदेपर्यंतचा असावा. पंढरीत कार्तिकी भरते त्याच एकादशीला काशीत पोहोचावे. तोवर षष्ठीची छठपूजा होऊन गेलेली असते. मुंबई-पुण्याहून पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांतील जागेवर छठीपूर्वी पहिला हक्क वर्षातून एकदा घरी निघालेल्या मजुराचा आहे. हौशी प्रवाशाने त्या दिवसांत तेथे शिरकाव करू नये, हे सौजन्यही आहे आणि शहाणपणही. परतीच्या गाड्या मात्र त्यानंतर भरून येतात. ते तिकीट आधी काढावे.

पौर्णिमेपूर्वी असि ते राजघाट हे सहा-सात किलोमीटरचे अंतर सवडीने पायी तुडवावे. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या घाटांवर उत्सवाच्या रात्रीही चिता जळत असतात. तेथे छायाचित्रकाराचे धाडस दाखवू नये. नाव ठरवायची तर नावाड्याशी एक-दोन दिवस आधी बोलून ठरवावी आणि माणसे दाटीने भरलेल्या नावेत पाऊल ठेवू नये. नाव न मिळाली तरी हळहळण्याचे कारण नाही. घाट पश्चिम तीरावर आहेत. पायरीवर बसलेल्याला समोरच्या वाळवंटावर पूर्णचंद्र उगवताना दिसतो आणि त्याचे भाडे कोणी मागत नाही. प्रतिपदेच्या सकाळी तेलकट पायऱ्या आणि फुटक्या पणत्याही पाहाव्यात. आपण पाण्यात सोडलेला दिवा पानाच्या द्रोणातला होता की थर्मोकोलच्या वाटीतला, याचा जाब ती सकाळ विचारते.

एवढी रजा आणि एवढा पैसा प्रत्येकाजवळ कोठून असणार, हा आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर दोन प्रकारचे. कार्तिकातला दुसरा कोणताही आठवडा निवडला तरी आकाशदिवे तेवढेच असतात आणि शहर पाहुण्याशी बोलायला मोकळे असते. तेही न साधले, तर त्रिपुरासुराच्या वधाची जी कथा काशीत सांगतात, तिच्याच नावाने महाराष्ट्रात त्रिपुरी पौर्णिमा साजरी होते. गावोगावच्या देवळांपुढे दगडी दीपमाळा उभ्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी त्या रात्रीही काळोखात असतात. काशीचे तिकीट हुकलेल्याने आपल्या गावच्या दीपमाळेवर चार पणत्या लावल्या, तर त्याची पौर्णिमा वाया गेली असे म्हणता येणार नाही. दीपोत्सवाला प्रेक्षक पुष्कळ मिळतात. वात लावणाऱ्यांची उणीव असते.