बिअरपासून सोड्याकडे आणि परत
१७६७ मध्ये लीड्सला आलेले जोसेफ प्रीस्टली बिअरच्या कारखान्याशेजारी राहत. आंबणाऱ्या बिअरच्या पिंपांवर साचणारा कार्बन डायऑक्साइड त्यांनी पाण्यात विरघळवला. १७७२ मध्ये त्याची कृतीही छापली. पुढे सोडावॉटरचा उद्योग उभा राहिला.

विसाव्या शतकात शीतपेयांच्या सिरपसाठी ‘कॉर्नेलियस’ हे पोलादी पिंप आले. सिरप पिशव्यांत भरले जाऊ लागताच ते अडगळ ठरले. १९७८ च्या अमेरिकी कायद्याने घरगुती बिअरवरील संघीय बंदी उठली होती. हौशी मंडळींनी ही अडगळ उचलून तिला वायूचा सिलिंडर आणि रेग्युलेटर जोडला.

प्रीस्टलींचे नाव पाठ्यपुस्तकांत आहे, या मंडळींचे नाही. माझ्या मते तंत्रज्ञानाचा इतिहास शोधकाशी थांबवणे अन्यायकारक आहे. वस्तूला दुसरे आयुष्य देणाऱ्यांचीही त्यात नोंद हवी.