कागद नसेल तर माल हलत नाही

मी दहावी पास. गोदीत कंत्राटावर हमाली करतो, रात्री कविता लिहितो. परदेशातल्या एम.ए.-पीएच.डी.च्या अर्जावर या हमालानं का बोलावं, असं विचारणारे शहाणे निघतीलच. त्यांना सांगतो : जहाजात काय चढतं आणि धक्क्यावर काय पडून राहतं, हे आम्ही रोज बघतो. माल कितीही खणखणीत असो, कागद नसेल तर तो हलत नाही.

आमच्या वस्तीतल्या एका पोरीचा अर्ज मी जवळून बघितला. अक्कल तिची, अभ्यास तिचा. पण अर्ज मागतो काय? तीन शिफारसपत्रं. म्हणजे तुला ओळखणारे तीन प्राध्यापक आण. इंग्रजीची परीक्षा द्या. आयईएल्टीएसची फी सतरा हजारांच्या वर, आणि निकाल चालतो दोनच वर्षं. विद्यापीठागणिक अर्जाची फी वेगळी, तीही डॉलरात नाहीतर पौंडात. एवढं करून प्रवेश मिळालाच, तर व्हिसावाला म्हणतो पैसे दाखव. इंग्लंडला स्वतःच्या पैशानं जायचं तर रक्कम खात्यात सलग २८ दिवस पडून असावी लागते. च्यायला, आमच्या खात्यात पगार २८ तास टिकत नाही!

तिच्या कॉलेजातले एक सर म्हणाले, "तुम्हाला इथं सवलती आहेत की, तिकडं कशाला?" पत्र शेवटपर्यंत दिलं नाही. असे सर गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या पेनात शाई आहे, पण आपल्या पोरांचं नाव लिहायची वेळ आली की ती वाळते.

कुणी म्हणेल, बाबासाहेब गेलेच ना? गेले. १९१३ साली, सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांत. कोलंबिया केलं, १९१६ला लंडन गाठलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पुन्हा जायला १९२० उजाडलं, तेही साठवलेल्या आणि उसन्या पैशावर. एवढ्या बुद्धीलासुद्धा पैशापायी तीन वर्षं अडकून पडावं लागलं. तेव्हा 'लायकी असली की वाट सापडते' हे पुराण आम्हाला ऐकवू नका.

आता सरकारकडे बघा. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. अख्ख्या देशासाठी जागा १२५, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींच्या. २०२५ साली १०६ जण निवडले आणि जुलैत पत्रं निघाली पहिल्या ४० जणांची. उरलेल्या ६६ जणांना सांगितलं, निधी असेल तर बघू. निवडून आलेल्या पोराला दारात उभं करायचं, ही कुठली रीत?

त्याहून मोठी चलाखी २०२२ सालची. त्या साली नियमात घातलं की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास, इथला समाज हे विषय या पैशावर परदेशात शिकता येणार नाहीत. दोस्तांनो, ९ मे १९१६ रोजी कोलंबियात बाबासाहेबांनी वाचलेला निबंध कशावर होता? भारतातल्या जातींवर! २०२२चा नियम लावला तर त्यांचा अर्ज पहिल्या चाळणीतच बाद. यंत्र शिका, औषधं शिका, पण जातीची चिरफाड जगासमोर करू नका, असा त्याचा सरळ अर्थ.

मग रडत बसायचं? छे! नियमाविरुद्ध रस्त्यावर तर उतरूच, पण अर्जाचं कामही चळवळीचं काम समजा. आपले जे प्राध्यापक झालेत, त्यांनी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासून पोरं हेरावीत, त्यांचं लिखाण वाचावं, म्हणजे शिफारसपत्रात खरं काही लिहिता येईल. जे परदेशात पोचलेत, त्यांनी आपले अर्ज मागच्यांना दाखवावेत. अमेरिकेत पीएच.डी.ला बरीच विद्यापीठं फी माफ करून वर निर्वाहाला पैसे देतात, कित्येक ठिकाणी मागितली तर अर्जाची फीही माफ होते. हे आपल्या किती वस्त्यांत ठाऊक आहे? जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा एक तास कमी करा आणि एका पोरीची परीक्षेची फी भरा.

आणि अर्ज लिहिणाऱ्यांनो, एक ऐका. तिथं 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' मागतात. तुला हे का शिकायचंय ते सांग म्हणतात. तिथं आपलं दुःख विकायला बसू नका. झोपडी, भूक, बापाची दारू यांचं प्रदर्शन मांडलं की गोरे साहेब हळहळतील, पण तुमची बुद्धी तशीच झाकलेली राहील. तुमचा प्रश्न मांडा. तो कुठून आला ते सांगा, आणि त्याचं उत्तर तुम्ही कसं शोधणार ते ठणकावून लिहा. दया मागणारा अर्ज आणि हक्कानं केलेला अर्ज, दोन्हींची भाषा वेगळी असते.

डिसेंबरात बहुतेक अमेरिकी पीएच.डी.च्या मुदती संपतात. वस्तीवस्तीत आजपासून बसा. एकानं लिहावं, चौघांनी वाचावं, दहांनी पैसे काढावेत. कागद आपणच तयार करू.

जय भीम!