हत्यारपेटी : कर्र कर्र वाजणारा पाना

एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. सूनबाई बाळंतपणासाठी घरी आलेली, नातवासाठी लाकडी पाळणा आणलेला. तो सुट्या भागांत आला, सुताराने जोडून दिला आणि पंधरा दिवसांत खटखट वाजू लागला. सुताराला तीन निरोप गेले. ‘उद्या येतो’ हे त्याचं उत्तर ठरलेलं. मुलाने मागे एकदा हत्यारांची पेटी आणून ठेवली होती. बाईंनी ती उघडली, त्यातला जाड डोक्याचा दांडा काढला आणि फिरवून पाहिला. त्या लिहितात, “एका बाजूला फिरवला की घट्ट धरतो, दुसऱ्या बाजूला नुसताच कर्र कर्र वाजतो. डोक्यावरचा खटका सरकवला की सगळं उलटं होतं. हा बिघडला आहे का? की मलाच जमत नाहीये?”

ताई, तुमचा पाना मुळीच बिघडलेला नाही. तो वाजतोय, म्हणजे काम करतोय. याला रॅचेट पाना म्हणतात. दोन्ही बाजूंनी चालणारा असला की रिव्हर्सिबल रॅचेट. गॅरेजमधली पोरं त्याच्या टोकाला बसणाऱ्या पोकळ नळकांड्यांना गोट्या म्हणतात, दुकानदार सॉकेट म्हणतो. नाव काहीही घ्या, पण घरात हा असावाच. पाळणा, पलंग, मुलांची सायकल, अभ्यासाचं टेबल, सगळीकडे नट-बोल्टच असतात. आणि ढिला बोल्ट सुताराच्या सवडीसाठी थांबत नाही.

याची गरज का पडली?

साधा, दोन्ही टोकांना तोंड असलेला पाना आठवा. नटाला सहा बाजू असतात. पाना लावायचा, थोडा फिरवायचा, काढायचा, परत लावायचा. पूर्ण फेरी ३६० अंशांची, सहा बाजूंनी भागली की एका बाजूच्या वाट्याला ६० अंश येतात. म्हणजे पाना एका दमात किमान ६० अंश फिरला नाही, तर पुढची बाजू हाती लागत नाही. साध्या पान्याचं तोंड दांड्याशी थोडं तिरकं, बहुधा १५ अंशांत, असतं ते उगाच नव्हे. दर वेळी पाना पालथा करून लावला की ३० अंशांत भागतं. पण ओट्याखाली, पलंगाच्या कोपऱ्यात किंवा भिंतीला टेकलेल्या कपाटामागे तेवढीही जागा नसते, आणि काढा-घालीत मनगट भरून येतं ते वेगळंच.

रॅचेटमध्ये पाना नटावरून काढावाच लागत नाही. हात पुढे नेला की नट फिरतो, मागे आणला की नट जागीच राहतो आणि पाना कर्र करत मागे येतो. पुन्हा पुढे. पंखा हलवावा तसं मनगट हलत राहतं आणि बोल्ट आत जातो.

आत काय असतं?

चावीचं जुनं घड्याळ ज्यांनी पाहिलंय त्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल. चावी देताना जे करकर वाजायचं, ते हेच. चावी पुढे फिरते, पण सोडली तरी स्प्रिंग उलटी सुटत नाही. सायकलचं फ्रीव्हीलही याच जातीचं. पायडल मारलं की चाक ओढलं जातं, पाय थांबवला की चाक आपलं टिकटिक करत पुढे पळतं. सायकलवाले त्यातल्या छोट्या लोखंडी तुकड्यांना ‘कुत्रे’ म्हणतात. घरात शिरणाऱ्याला अडवणारे ते कुत्रे! आपण इथे खिटी म्हणू.

पान्याच्या गोल डोक्यात एक दातेरी चाक असतं. त्या चाकाच्या मधून एक चौकोनी खुंटी बाहेर येते आणि सॉकेट तिच्यावर बसतं. चाकाच्या कडेला खिटी, आणि खिटीला मागून ढकलणारी बारीकशी स्प्रिंग. बस्स, मुख्य भाग एवढेच.

आता गंमत पाहा. दाराखाली लाकडाची पाचर सारली, की दार तिच्यावर जितकं रेटावं तितकी ती घट्ट बसते. उलट बाजूला दार ओढलं की ती सहज सुटते. खिटीचं तसंच आहे. एका दिशेने दांडा फिरवला की चाकाचा दात खिटीला आणखी आत रेटतो. मग चाक, खिटी आणि दांडा एकजीव होऊन नटाला फिरवतात. उलट्या दिशेने फिरवलं की दाताचा उतार खिटीला बाहेर उचलतो, स्प्रिंग दबते, खिटी दातावरून घसरून पुढच्या खाचेत पडते. खाचेत पडताना ‘कट्’ वाजतं. असे अनेक कट् मिळून तुमचा तो कर्र कर्र.

आणि वरचा खटका? दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या पान्यात पुष्कळदा खिटीला दोन टोकं असतात, लहान मुलांच्या सी-सॉ सारखी. खटका एका बाजूला केला की एक टोक चाकाला टेकतं, दुसरं उचललं जातं. पलीकडे केला की उलट. म्हणून एकाच पान्याने बोल्ट घट्टही करता येतो आणि सैलही. काही पान्यांत दोन वेगळ्या खिट्या असतात, पण तत्त्व तेच. एकाच बाजूने चालणाऱ्या चाकाचे दात करवतीसारखे, एकीकडे उभे आणि एकीकडे उतरते असतात. दोन्ही बाजूंनी चालायचं तर दात दोन्हीकडून सारखेच घडवावे लागतात.

दात किती, हे दुकानातच मोजा

चाकाला २४ दात असतील तर पाना १५ अंश मागे आल्याशिवाय पुढचा दात धरत नाही. ३६ असतील तर १० अंश, ७२ असतील तर अवघे ५ अंश. अडचणीच्या जागी ७२ दातांचा पाना फार उपयोगी. दुकानदाराला विचारायची गरज नाही. दांडा स्थिर धरा, चौकोनी खुंटी चिमटीत धरून पाव फेरी फिरवा आणि कट् मोजा. १८ आले की गुणिले चार, ७२ दात. दात बारीक म्हणजे प्रत्येक दात नाजूक, हे खरं. म्हणूनच चांगल्या बनावटीच्या पान्यात खिटी रुंद असते आणि एकाच वेळी अनेक दात धरते.

चौकोनी खुंटी पाव इंची, तीन अष्टमांश इंची आणि अर्धा इंची अशा मापांत मिळते. घरकामाला पाव किंवा तीन अष्टमांश पुरे. अर्धा इंची पाना मोटारीच्या कामाचा. जड तर असतोच, पण त्याच्या लांब दांड्याने नाजूक बोल्ट सहज पिळून तुटतो. सॉकेटमध्ये १० आणि १३ मिलिमीटर ही मापं हवीतच. ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला सहसा १० चं आणि ८ मिलिमीटरच्या बोल्टला १३ चं सॉकेट लागतं. सॉकेट आतून सहा कोनांचं घ्या. बारा कोनांचं पटकन बसतं, पण झिजलेल्या नटावरून घसरतं.

पाळण्याचा बोल्ट आवळताना

१. बाळाला आधी बाहेर घ्या, गादी काढा आणि सगळे बोल्ट एकदा हाताने हलवून पाहा. एक ढिला असेल तर जोडीचा दुसराही बहुधा ढिला असतो.

२. सॉकेट नटावर बसवून हलवा. खुळखुळलं तर एक माप लहान घ्या. सैल सॉकेट नटाचे कोपरे खातं आणि मग तो नट कशानेच निघत नाही.

३. खटक्याची दिशा पाठ करू नका. पाना नटावर लावा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. धरला तर आवळायला तयार आहे, कर्र वाजला तर खटका पलीकडे करा.

४. नवा बोल्ट घालताना पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच द्या. पान्याच्या जोराने आटे तिरके बसले तरी हाताला कळत नाही. आटे गेले की बोल्टही गेला.

५. नट अगदीच सैल असेल तर पाना मागे आणताना नटही मागे येतो आणि फेरे वाया जातात. अशा वेळी सॉकेट डाव्या हाताच्या बोटांनी धरून ठेवा. नट थोडा आवळला गेला की त्याची गरज राहत नाही.

६. लाकडात बोल्ट आवळताना वॉशर लाकडात रुतू लागला की थांबा. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा घेऊ नका. सगळे थोडे थोडे, आळीपाळीने आवळा.

७. आठवड्याने परत एकदा पाहा. नवं लाकूड सुकतं, आक्रसतं आणि बोल्ट पुन्हा सैल होतात. म्हणजे दर वेळी दोष सुताराचा नसतो!

हे मात्र करू नका

गंजून धरलेला नट रॅचेटने सोडवायला जाऊ नका. सगळा जोर त्या लहानशा खिटीवर येतो. आदल्या रात्री गंजावर घालायचं तेल सोडा आणि सकाळी साध्या गोल पान्याने तो हलवा. एकदा हलला की पुढचं काम रॅचेटचं. दांड्याला पाइप जोडून लांबी वाढवू नका, पान्याने हातोडीचं काम करू नका. पाना आवळताना मध्येच ‘कटक्’ करून निसटू लागला तर खिटी किंवा दात झिजलेत असं समजा आणि तो वापरणं थांबवा, नाहीतर हात भिंतीवर आपटतो.

आणि सगळेच बोल्ट उजवीकडे आवळत नाहीत. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पुष्कळ टेबल-फॅनच्या पात्यांपुढची टोपीही तशीच. निघत नाही म्हणून जोर करण्याआधी दिशा तपासा. गॅस सिलिंडरच्या कुठल्याही जोडाला पाना लावायचा नाही, ते काम गॅसवाल्याचं. छताच्या पंख्याचा बोल्ट वायरमनकडूनच पाहून घ्या.

बदलीच्या निमित्ताने घर हलवणाऱ्या मैत्रिणींसाठी एक. पुढून दार असलेल्या कपडे धुण्याच्या मशीनला मागे प्रवासाचे मोठे बोल्ट असतात. मशीन सुरू करण्याआधी ते काढावेच लागतात, आणि काढल्यावर जपून ठेवायचे असतात. हे काम या पान्याने दहा मिनिटांत होतं.

पाना धुवायचा नाही, कोरड्या फडक्याने पुसायचा. डोक्यात अधूनमधून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल नको, थंडीत थिजतं, धूळ धरतं आणि खिटी अडकते.

एका मुलाची गोष्ट

रॅचेटच्या सॉकेट पान्याचं पेटंट अमेरिकेत १८६३ सालचं आहे, व्हर्माँट राज्यातल्या वुडस्टॉकच्या जे. जे. रिचर्डसन यांचं. पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी सुरू होते. मॅसॅच्युसेट्समधल्या गार्डनर गावी सीअर्स कंपनीच्या दुकानात पीटर रॉबर्ट्स नावाचा १८ वर्षांचा मुलगा विक्रेता होता. तेलकट हातांनी सॉकेट ओढून काढणं किती जिकिरीचं आहे हे त्याने पाहिलं होतं. नोकरीच्या वेळेबाहेर खटपट करून त्याने पान्याच्या डोक्यावर एक बटण बसवलं. ते दाबलं की सॉकेट एका हाताने सुटतं. तुमच्या पान्यामागे असं बटण असेल तर ते दाबून पाहा.

१९६५ साली त्याला पेटंट मिळालं. कंपनीने त्याला सांगितलं की या कल्पनेची किंमत फार तर १०,००० डॉलर. एका पान्यामागे दोन सेंट, आणि १०,००० झाले की बंद. मुलाने विश्वास ठेवून सही केली. पाच लाख पाने खपले की ती रक्कम पुरी होत होती, आणि तेवढे पाने वर्षाच्या आतच खपले. १९७५ पर्यंत कंपनीने १ कोटी ९० लाखांहून जास्त पाने विकले होते. रॉबर्ट्सने १९६९ साली दावा लावला. १९७७ साली ज्यूरीने कंपनीने फसवणूक केली असा निर्णय देऊन दहा लाख डॉलर देवविले आणि पुढच्या वर्षी वरच्या कोर्टाने तो कायम केला. पेटंटवरून भांडण त्यानंतरही चाललं आणि १९८९ साली तडजोडीने मिटलं. सही करताना जो अगदी तरुण होता, तो तोवर चाळिशी ओलांडून गेला होता.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. आपल्यातल्या कितीजणी पापड-कुरडया करून देतात, झबली-टोपडी शिवतात, नवे नमुने काढतात, आणि ‘यात काय एवढं?’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडची किंमत मान्य करतात. जो विकत घेतो तोच ‘याला फारशी किंमत नाही’ म्हणत असेल, तर आणखी दोन ठिकाणी विचारावं. कागदावर सही करायची असेल तर तो घरी आणून जाणत्या माणसाला दाखवावा. ‘अमुक रकमेपुढे काही मिळणार नाही’ असं वाक्य त्यात दिसलं, तर तिथे बोट ठेवून कारण विचारावं.

तर ताई, सुताराला चौथा निरोप पाठवू नका. पाळण्याच्या बोल्टला बहुधा १० किंवा १३ चं सॉकेट लागेल. वर सांगितल्याप्रमाणे आवळून बघा. आवळूनही खटखट राहिली, तर लाकडातलं भोक मोठं झालं असेल. तिथे रुंद वॉशर घालावा लागेल. ते होईस्तोवर मात्र बाळाला पाळण्यात घालू नका.