अडवून ठेवलेली पदवी

पावसाळ्यात आटपाडी तालुक्यात माणूस माणसाला भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: तुमच्या मंडलात किती झाला? डाळिंबाचा विमा, दुष्काळाची घोषणा, सगळ्यांत पावसाच्या मिलिमीटरचा हिशेब येतो. हवामान मोजणारी साधी उपकरणेही एके काळी परदेशातून आणावी लागत. ती देशात तयार करण्याची घडी पुण्याच्या वेधशाळेत बसली, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा होता अ‍ॅना मणी यांचा. १९५३ साली त्या उपकरण विभागाच्या प्रमुख झाल्या, तेव्हा त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष होते. सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे त्यांच्या काळात तयार झाले.

मात्र त्या मूळच्या भौतिकशास्त्रज्ञ. १९४० साली त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सर सी. व्ही. रमण यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. त्याच संस्थेने १९३३ मध्ये आपल्या कमला भागवतांना, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींना, बाई म्हणून प्रवेश नाकारला होता. कमलाबाई हटल्या नाहीत, म्हणून पुढच्या मुलींना दार उघडले. मणींनी तिथे तीसहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट घेतले. एकेका छायाचित्र काचेवर पंधरा ते वीस तास प्रकाश पडू द्यावा लागे, आणि तोवर हिरा द्रवरूप हवेच्या थंडीत ठेवावा लागे. कित्येक रात्री त्यांनी प्रयोगशाळेतच काढल्या. १९४२ ते १९४५ या काळात एकट्या त्यांच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले. १९४५ साली प्रबंध मद्रास विद्यापीठात गेला आणि तिथेच अडला. कारण काय, तर त्यांच्याकडे एम.एस्सी. नव्हती. संशोधनात खोट कुणी काढली नाही. तो प्रबंध आज रमण संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात इतर प्रबंधांसारखाच बांधलेला आहे. त्याला पदवी मात्र नाही.

त्याच काळातल्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींचे तर याहून कठीण. देबेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांतील मेसॉन कणांचे माग छायाचित्र काचांवर टिपले आणि १९४१-४२ मध्ये 'नेचर'मध्ये मांडले. युद्धामुळे चांगल्या काचा मिळाल्या नाहीत, काम तिथेच थांबले. त्याच पद्धतीला अधिक चांगल्या काचांची जोड देणाऱ्या सेसिल पॉवेल यांना १९५० चे नोबेल मिळाले. त्या वेळी चौधुरी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होत्या. देशाने त्यांना एकही मोठा सन्मान दिला नाही.

निवृत्तीनंतर मणींनी देशभरच्या वाऱ्याची आकडेवारी गोळा केली; १९८३ साली ती पुस्तकरूपाने आली. चाळकेवाडीच्या, ढालगावच्या पवनचक्क्यांकडे पाहताना हे आपल्या मुलींना कुणीतरी सांगायला हवे. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आटपाडीच्या शाळांत रमण यांच्या तसबिरीला हार घालतात. तो घालावाच. शेजारी अ‍ॅना मणींची तसबीर हवी, आणि त्या हिऱ्यांच्या प्रयोगाची गोष्ट मुलांना सविस्तर सांगितली जायला हवी.

पदवी नसल्याने आपले काही अडले नाही, असे मणी म्हणत. हा त्यांचा मोठेपणा. विद्यापीठाचे देणे त्याने फिटत नाही. मद्रास विद्यापीठाने तो प्रबंध मागवून घ्यावा, तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा आणि मरणोत्तर पदवी द्यावी. नियम आड येत असेल तर तो बदलावा. १९४५ सालीच तो बदलायला हवा होता.